वंध्यत्व : दैवाचा नव्हे, व्यवस्थेचा प्रश्न

कल्याण मागे टाकून कर्जतच्या रोखाने निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी एकेक स्थानके घेत जाते, तेव्हा तिच्या महिला डब्यात या औद्योगिक पट्ट्याचे निम्मे जीवन बसलेले, किंबहुना उभे असते. शिलाई यंत्रावर दिवसभर पाठ वाकवून आलेली, कारखान्यातील पॅकिंगच्या कामावरून सुटलेली, मुंबईच्या कचेरीतून परतणारी अशा साऱ्या जणी तेथे खांद्याला खांदा लावून असतात. पगार, पाणी, मुलांची शाळा यांविषयी त्या मोठ्याने बोलतात. लग्नाला पाच-सहा वर्षे होऊनही मूल नसलेली मात्र त्या बोलण्यात गप्प असते. तिच्या पर्समध्ये एखाद्या प्रयोगशाळेचा कागद असतो. त्यावर एक आकडा असतो आणि आकड्यापुढे ‘कमी’ हा शब्द. तो कागद काय सांगतो, काय सांगत नाही, आणि तो हाती आल्यावर या बाईने जावे कोठे, हा प्रश्न आता चार भिंतींच्या आत ठेवण्याजोगा राहिलेला नाही.

प्रथम त्या आकड्याविषयी. स्त्री जन्माला येते तीच आपल्या बीजांडांचा आयुष्यभराचा साठा घेऊन. जन्मवेळी तो दहा ते वीस लाखांच्या घरात असतो. पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाखांवर येतो, आणि रजोनिवृत्तीच्या सुमारास जेमतेम हजारभर उरतो. त्यांपैकी चार-पाचशेच बीजांडे प्रत्यक्ष परिपक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरून जातात. हा साठा वयाच्या मानाने लवकर घटला की त्यास बीजांडसाठ्याची घट म्हणतात. तो अजमावण्याचे मार्ग मुख्यतः तीन : पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तातील एफ.एस.एच. हे संप्रेरक मोजणे, सोनोग्राफीत बीजकोशातील लहान पुटिका मोजणे, आणि त्या पुटिकांतून स्रवणारे ए.एम.एच. मोजणे.

यांतील शेवटची चाचणी आज सर्वाधिक बोलबाल्याची आहे आणि सर्वाधिक गैरसमजाचीही. ती बीजांडांची संख्या सुचविते, त्यांची प्रत नव्हे. बीजांडाची प्रत प्रामुख्याने वयावर अवलंबून असते. अमेरिकेत 30 ते 44 वयाच्या, वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या सुमारे साडेसातशे स्त्रियांचा मागोवा घेणारे संशोधन 2017 साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे ए.एम.एच. कमी होते त्यांना वर्षभरात दिवस जाण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी आढळली नाही. म्हणजे उपचारांत औषधाने किती बीजांडे हाती येतील याचा अंदाज बांधण्यास ही चाचणी उपयोगी. परंतु ‘तुला मूल होणार नाही’ असा निकाल देण्याचा अधिकार तिला नाही. असे असता नेमका तोच निकाल म्हणून हा कागद घरोघर वाचला जातो, आणि सासू-सुनेच्या संबंधांपासून हळदीकुंकवाच्या आमंत्रणापर्यंत सर्वत्र त्याची सावली पडते.

आता याच्या जोडीस चयापचयाच्या खुणा आल्या आहेत. रक्तातील साखर व इन्शुलिन, कोलेस्टेरॉल व अन्य स्निग्ध द्रव्ये, ड जीवनसत्त्व, होमोसिस्टीन यांचा बीजांडसाठ्याशी काय संबंध आहे, याचा शोध जगभर चालू आहे. बीजांडाभोवतीच्या द्रवातील अमिनो आम्ले व मेदाम्ले तपासून त्याच्या पोषणाची स्थिती जाणण्याचे प्रयत्नही होत आहेत. काही पाहण्यांत साठा घटलेल्या स्त्रियांच्या चयापचयात फरक आढळले, काहींत ते तितके ठरले नाहीत. कारण कोणते आणि परिणाम कोणता याचा उलगडाही पुरता झालेला नाही. हे संशोधन मोलाचे आहे. ते सांगू पाहते की, बीजकोश हा शरीरापासून तुटलेला सुटा अवयव नव्हे. बाई काय खाते, किती झोपते, कशात श्वास घेते याच्याशी त्याचे नाते असू शकते. परंतु जे प्रयोगशाळेत अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे तेच दहा चाचण्यांचे ‘पॅकेज’ म्हणून विकले गेले, तर विज्ञानाच्या नावावर गरिबाची लूट होईल, एवढेच.

स्त्रीच्या परिस्थितीचा विचार करू लागले की वालधुनी नदी आठवल्यावाचून राहत नाही. या नदीच्या आणि उल्हास नदीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने 2015 साली येथील स्थानिक संस्था व सांडपाणी केंद्रे यांना कोट्यवधींची भरपाई ठोठावली होती. प्लास्टिक मऊ करणारी काही रसायने व पुटिकांची घटती संख्या यांचा संबंध परदेशांतील काही अभ्यासांत दिसला आहे. धूम्रपानाने रजोनिवृत्ती लवकर येते हे तर पक्केच आहे. भारतीय व स्पॅनिश स्त्रियांची तुलना करणाऱ्या 2014 सालच्या एका अभ्यासाने भारतीय स्त्रियांचे बीजकोश सुमारे सहा वर्षे आधी वयस्क होत असल्याचे अनुमान काढले. यावरून वालधुनीकाठच्या एखाद्या बाईच्या वंध्यत्वाचे खापर थेट कारखान्यावर फोडणे अशास्त्रीय ठरेल. पण ते बिनदिक्कत तिच्या पत्रिकेवर आणि पायगुणावर फोडणारा समाज अधिक शास्त्रीय आहे काय? वंध्यत्वाच्या फार मोठ्या हिश्शात पुरुषाकडील कारण एकटे वा जोडीने असते. वीर्याची तपासणी सर्वांत सोपी आणि स्वस्त. तरी ती बहुधा सर्वांत शेवटी होते, किंवा होतच नाही. तोवर बाईची दोन वर्षे नवससायासांत आणि तिसरे औषधांत गेलेले असते.

आणि येथेच प्रश्नाचे मर्म आहे. बहुतेक दुखण्यांत उशीर झाला तर खर्च वाढतो. या दुखण्यात उशीर म्हणजेच नुकसान. वर्षभर प्रयत्न करूनही, आणि पस्तिशीपुढे सहा महिन्यांनीच, तपासणी व्हावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. ज्याच्या गाठी पैसा आहे तो दुसऱ्या दिवशी तज्ज्ञाच्या दारात उभा राहतो. कंत्राटी कामगाराची बायको मात्र आधी खाडे मोजते, मग पैसे साठवते, मग कर्ज काढते. आणि ती पैसा जमवीत असताना तिचा साठा ओसरत असतो. येथे केवळ संपत्तीची विषमता नाही, काळाची विषमता आहे. ती कोणत्याही औषधाने मागाहून भरून निघत नाही.

शासनाचे वर्तन काय? र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा मूल केव्हा व्हावे हे बाईने ठरवावे असा त्यामागचा विचार होता. शासनाने त्यातील नियमन उचलले आणि बाईची इच्छा मागे टाकली. 1976 साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत करण्यापर्यंत याच राज्याच्या विधिमंडळाची मजल गेली. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. जन्म रोखण्यासाठी शासन दारोदार फिरले. जन्म होत नाही म्हणून बाई शासनाच्या दारी गेली, तर तेथे बहुधा खिडकीच नसते. आयुष्मान भारत योजनेतही कृत्रिम गर्भधारणेचे उपचार सामान्यतः वगळलेलेच आहेत.

वस्तुतः हे तंत्र या राज्यात खाजगी तिजोरीतून आलेले नाही. 6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या के.ई.एम. या महानगरपालिकेच्या रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि वैद्यकीय संशोधन परिषदेच्या संस्थेतील डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनी, परीक्षानलिकेतील फलनाने मूल जन्मले. गिरणगावातील सार्वजनिक रुग्णालयात उगवलेले रोप पुढे कोणाच्या अंगणात नेऊन लावले गेले, हे सांगावयास नको. गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने 2023 साली हा उपचार मोफत देण्यास आरंभ केला. गोव्यास जे साधले ते महाराष्ट्रास का साधू नये?

आणखी एक गोष्ट. साठा घटलेल्या स्त्रीस पुष्कळदा दात्या स्त्रीचे बीजांड सुचविले जाते. 2021 च्या कायद्याने दात्या स्त्रीचे वय 23 ते 35 ठरविले, आयुष्यात एकदाच दान, सातांहून अधिक बीजांडे काढावयाची नाहीत आणि विम्याचे संरक्षण, असे दंडक घातले. ते चांगले आहेत. पण घरभाड्याच्या चिंतेने हैराण झालेल्या बाईस कोणी दलाल गाठतो, तेव्हा तिच्या वतीने हे दंडक वाचून दाखविणारे कोण असते? एकीची उणीव आणि दुसरीची गरिबी यांच्या मधोमध बाजार उभा राहतो, आणि दोघींपैकी कोणीच त्याची मालकीण नसते.

आमची मागणी साधी आहे. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात आठवड्यातून ठराविक दिवशी वंध्यत्वाचा बाह्यरुग्ण विभाग चालावा, आणि अंबरनाथ-बदलापूरच्या रुग्णांना तेथे पाठविण्याची सोय असावी. पतिपत्नींची तपासणी एकाच दिवशी आणि पुरुषापासून सुरू व्हावी. संप्रेरके, सोनोग्राफी, थायरॉईड, साखर आणि क्षयाची शंका एवढे प्राथमिक काम मोफत व्हावे. ज्यांना पुढील उपचार लागतील त्यांना मुंबईच्या सरकारी रुग्णालयात नंबर लावून द्यावा, केवळ चिठ्ठी नव्हे. आकड्याचा अर्थ मराठी-हिंदी-सिंधीत, खाली बसून, समजावून सांगणारी एक समुपदेशक तेथे असावी. यासाठी संगमरवरी इमारत लागत नाही, इच्छा लागते.

मूल हवे की नको, हे त्या बाईने ठरवावे. मूल न झाल्याने तिचे माणूसपण तसूभरही उणे होत नाही, हेही समाजाला ठणकावून सांगितले पाहिजे. परंतु ज्या बाईस मूल हवे आहे, तिची वर्षे पैशाअभावी वाया जात असतील, तर त्याला दैव म्हणणे ही लबाडी आहे. बदलापूरच्या फलाटावर उतरून घरी निघालेल्या त्या बाईच्या पर्समधला कागद तिच्या एकटीचा नाही. त्याचे उत्तर आपणा सर्वांना द्यावयाचे आहे, आणि तिच्याजवळ थांबण्यास वेळ नाही.