लाभपाचमेपर्यंत

विझार्ड्स ऑफ द कोस्ट आणि तिची मालक हॅस्ब्रो, दोघांना उद्देशून.

आम्ही सुरतेतले मराठी खेळाडू. उधना, लिंबायत, डिंडोली, अडाजण इथले. बहुतेकांची घरे खानदेशातून इथे आलेली. आमचे टेबल रविवारी लागते.

तुम्ही आम्हाला ओळखत नाही. तुमचा टेबलावरचा भूमिकाखेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स फ्रेंचमध्ये निघाला, जर्मनमध्ये निघाला, जपानीतही निघाला. मराठीत नाही, गुजरातीत नाही, हिंदीतही नाही. आम्ही इंग्रजी पुस्तके घेतली. पूर्ण किंमत मोजली. बोललो नाही.

आजही त्याबद्दल बोलत नाही. बोलायचे आहे ते तुम्ही नवी आवृत्ती कशी विकता त्याबद्दल.

ऑगस्ट 2007. जेन कॉन मेळाव्यात तुम्ही चौथी आवृत्ती जाहीर केली. सोबत चित्रफीत दाखवली. तिच्यात जुन्या आवृत्तीतल्या नियमांची टिंगल होती. पुढे व्यंगचित्रपट आला. त्यात नोम जमातीची खिल्ली होती, कारण खेळाडूंच्या नव्या पुस्तकातून नोमला तुम्ही वगळले होते.

जून 2008 मध्ये ते पुस्तक आले. नोम नव्हता. बार्ड हा पात्रवर्ग नव्हता. ड्रुइड नव्हता. ते तिघे 2009 मध्ये आले, दुसऱ्या पुस्तकात. वेगळे पैसे घेऊन.

सुरत कापडावर जगते. नवा नमुना उलगडताना समोरच्या बाईने नेसलेल्या, आपणच विकलेल्या साडीला हसणारा व्यापारी आम्ही रिंग रोडवर पाहिलेला नाही.

तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी काय केले, ते तुमच्या हिशेबात नोंदलेले असेल. त्यातले बरेच निघून गेले. गेले पायझो या प्रकाशकाकडे. म्हणजे ज्यांच्याकडून ‘ड्रॅगन’ आणि ‘डंजन’ ही दोन मासिके तुम्ही 2007 मध्ये काढून घेतलीत, त्यांच्याकडेच. ऑगस्ट 2009 मध्ये त्यांचे पाथफाइंडर हे नियमपुस्तक आले. तुम्ही टाकून दिलेल्या नियमांवर उभे राहिले. नियम कोणालाही वापरता यावेत म्हणून तुम्हीच 2000 मध्ये दिलेल्या खुल्या परवान्यावर उभे राहिले.

मग तुम्ही विचारायला आलात. 2012 मध्ये नवे नियम खेळाडूंपुढे ठेवलेत, चाचणी खुली केलीत. लोकांनी मनापासून खेळून पाहिले, मनापासून उत्तरे दिली. 2014 ची पाचवी आवृत्ती त्यातून घडली. ती चांगली आहे. आमच्यातले बरेच जण त्याच आवृत्तीमुळे या खेळात आले, आणि ते आम्ही विसरलेलो नाही.

तुम्ही विसरलात.

डिसेंबर 2022 मध्ये तुमच्या वरिष्ठांनी गुंतवणूकदारांना सांगितले की या खेळातून मिळायला हवा तेवढा पैसा मिळत नाही. जानेवारी 2023 मध्ये नव्या परवान्याचा मसुदा फुटला. 2000 चा परवाना रद्द. त्यावर चालणाऱ्या प्रकाशकांच्या साडेसात लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर 25 टक्के तुमचे.

लोकांनी डी अँड डी बियाँड या तुमच्या डिजिटल सेवेची सदस्यत्वे बंद केली.

तुम्ही सर्वेक्षण घेतले. पंधरा हजारांहून अधिक उत्तरे आली. जुना परवाना रद्द करण्यावर 89 टक्के नाराज होते. ही मोजणी आमची नाही, तुमची आहे. 27 जानेवारी 2023 रोजी तुम्ही माघार घेतली. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले.

तरीही आम्ही थांबलो. खेळाच्या पन्नाशीचे वर्ष जवळ येत होते.

त्या वर्षाची जाहिरात तुम्ही कशी केली? येणारी पुस्तके नवी आवृत्ती आहेत की नाही, एवढे साधे उत्तर दिले नाही. आधी एक नाव दिले, नंतर ते सोडून दिले. जुनी पुस्तके चालतील, असे वारंवार सांगितले. आणि ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर केले की बियाँडवरच्या आमच्या पात्रांच्या पानांवरून 2014 ची मंत्रविद्या जाईल आणि नवी येईल. जुनी हवी असेल त्याने ती हाताने भरावी.

विकत घेतलेली. चालू कॅम्पेनमधली.

पुन्हा ओरड झाली. काही दिवसांत पुन्हा माघार.

2008 च्या आवृत्तीबरोबर तुम्ही संगणकावरच्या टेबलाचे वचन दिले होते. पुस्तके आली, पूर्ण झालेले टेबल आले नाही. 2025 मध्ये सिगिल नावाचे तसेच टेबल आणले. काही आठवड्यांत ते घडवणाऱ्या बहुतेकांच्या नोकऱ्या गेल्या. ती माणसे चांगले काम करत होती. त्यांची जबाबदारी तुमची होती.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये आणला. विझार्ड्सला तो 1997 मध्ये टीएसआर ही कंपनी विकत घेऊन मिळाला. हॅस्ब्रोला तो 1999 मध्ये विझार्ड्स विकत घेऊन मिळाला. आम्हाला तो कोणीतरी शेजारी बसवून शिकवला. या शहरात नवा खेळाडू जाहिरात पाहून येत नाही. आम्ही खुर्ची सरकवून देतो, म्हणून येतो.

आता अटी.

पुढची आवृत्ती आणाल तेव्हा ती नवी आवृत्ती आहे, हे पहिल्या दिवशी सांगा. जुनी खेळणाऱ्यांना कमी लेखून नवी विकू नका. तयार नसलेली वस्तू जाहिरातीत दाखवू नका. आणि आम्ही पैसे देऊन घेतलेला शब्दही आमच्या पानावरून हलवला जाणार नाही, याची लेखी हमी द्या. ती सगळ्यांसमोर द्या, आणि परत घेता येणार नाही अशी द्या.

यात वाटाघाट नाही. जे विकले ते गिऱ्हाइकाचे, हे ठरवायला बैठक लागत नाही.

मुदत लाभपाचमेपर्यंत. त्या दिवशी सुरतेचा बाजार दिवाळीनंतर उघडतो आणि नव्या वर्षाचे व्यवहार सुरू होतात. आमचेही होतील.

उत्तर आले नाही तर बियाँडवरची आमची सदस्यत्वे बंद होतील. नवी पुस्तके कोणी घेणार नाही. डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, खेळाडूंच्या पाचव्या हिश्शाएवढेच, पण खरेदीचा मोठा वाटा त्यांचा, हे तुमच्याच अध्यक्षांनी 2022 मध्ये सांगितले होते. आमच्या टेबलांवरचे डीएम या पत्रामागे आहेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. 2023 मध्ये खुले केलेले नियम तुम्हाला परत घेता येत नाहीत. त्यांचे भाषांतर करायला, ते छापायला, विकायला तुमची परवानगी लागत नाही. श्रेयाची ओळ लागते. ती आम्ही प्रामाणिकपणे छापू.

मराठी नियमपुस्तकाचे काम सुरू आहे. आमचे गुजराती मित्र गुजरातीचे करत आहेत. या खेळाच्या पन्नास वर्षांत जे झाले नाही, ते उधन्यात होईल. त्यावर तुमचे चिन्ह नसेल आणि त्यातला एक रुपयाही तुमच्याकडे जाणार नाही.

लेखी उत्तर आले, तर हे पुस्तक तुमच्या पुस्तकांशेजारी राहील. आले नाही, तर लाभपाचमेच्या संध्याकाळी त्याचा पहिला भाग वाटायला सुरुवात होईल, आणि त्यानंतर शिकायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती फक्त तेच दिले जाईल.