त्रिकोणाचे काय करायचे?

मराठीच्या अध्यापकांनी पाश्चात्त्य संगीतातील कॉर्डच्या चिन्हांविषयी लिहावे, हा अव्यापारेषु व्यापार वाटण्याचा संभव आहे. निमित्त एका वहीचे झाले. मुंबईच्या ध्वनिमुद्रण-वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवणाऱ्या, मूळच्या गोव्याच्या एका दिवंगत वादकाची ही वही त्यांच्या घरच्यांनी विश्वासाने आमच्या हाती दिली. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना सॉल्फेज आणि व्हायोलिन शिकवले जाई, आणि तिथे घडलेली कितीतरी माणसे पुढे हिंदी चित्रपटसंगीताचा कणा झाली, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. वहीचा कागद पिवळा पडून तुटू लागला होता. ती संगणकावर उतरवून ठेवावी, असे ठरले. आमच्यापैकी एकाला गिटार कामापुरती येते, दुसऱ्याचे आयुष्य पोथ्यांच्या पाठभेदांत चालले आहे. दोघे मिळून हे काम उरकेल, अशी आमची भाबडी समजूत होती.

वहीत प्रत्येक चालीच्या डोक्यावर कॉर्डची चिन्हे आहेत. (ती येथे प्रत्यक्ष न छापता शब्दांतच सांगतो आहोत, वाचकाच्या पडद्यावर ती कोणत्या रूपात उमटतील, याची हमी आम्हांला देता येत नाही, आणि हेच या लेखाचे दुखणे आहे.) मायनरसाठी या गृहस्थांनी आडवी रेघ वापरली आहे, डिमिनिश्डसाठी वर चढवलेले छोटे शून्य, आणि काही ठिकाणी स्वरनामाशेजारी नुसता त्रिकोण. असा वैयक्तिक संकेत ही या क्षेत्रात नवलाची गोष्ट नाही. एकट्या 'सी मेजर सेव्हन'चे लेखन मोठा 'एम' आणि सात, 'एमए' आणि सात, 'एमएजे' आणि सात, त्रिकोण आणि सात, नुसता त्रिकोण अशा पाच तऱ्हांनी सर्रास आढळते. क्लिंटन रोमर आणि कार्ल ब्रँट यांनी १९७६ साली प्रमाण चिन्हांची एक पुस्तिका काढून अक्षरी संक्षेपांची शिफारस केली. त्यानंतर अर्धशतक उलटले तरी प्रमाण एक झालेले नाही.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. कोणते, हे सांगण्यात हशील नाही. चिन्हांच्या सेटिंगमध्ये जाऊन आम्ही मायनरसाठी रेघ निवडली. त्या गाण्यात ती उमटली. दुसऱ्या दिवशी नवे गाणे उघडले, तर पुन्हा 'एमआय' हजर. मग प्रणालीच्या मूळ पसंतीक्रमात बदल केला, तेव्हा नवी गाणी सुधारली, पण आधीची तशीच राहिली. तीही एकेक करून दुरुस्त केल्यावर एका गाण्यातली दोन चिन्हे मात्र काही केल्या हलेनात. पंधरा दिवस असे गेले. एकमेकांवर संशय घेण्यापर्यंत मजल गेली होती.

उलगडा झाला तो पोथ्यांच्या सवयीमुळे. एकाच मजकुरावर लेखकाचा, लेखनिकाचा आणि नंतरच्या शोधकाचा असे तीन हात फिरलेले असतात, तसे येथेही तीन थर आहेत. प्रणालीचा मूळ संकेत हा पहिला थर, त्या विशिष्ट फाइलने स्वतःसोबत बांधून घेतलेला संकेत हा दुसरा, आणि एखाद्याच चिन्हावर कुणी हाताने केलेला फेरफार हा तिसरा. खालचा थर नेहमी वरच्यावर मात करतो. डोरिको या प्रणालीत 'हेच मूळ समजा' अशी आज्ञा दिली, तरी ती पुढच्या प्रकल्पांनाच लागू होते. सिबेलियसमध्ये एका गाण्याची 'हाउस स्टाइल' वेगळ्या फाइलीत काढून दुसऱ्या गाण्यात मुद्दाम आणावी लागते. म्युझस्कोरमध्येही शैली प्रत्येक गाण्याबरोबर साठवली जाते. म्हणून शोध तळापासून वर न्यावा. आधी ते एक चिन्ह मूळपदावर आणून पाहावे, मग फाइलीची शैली, आणि सर्वांत शेवटी प्रणाली. आम्ही नेमके उलटे करीत होतो. हलेनाशी झालेली ती दोन चिन्हे आमच्यापैकीच एकाने पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात हाताने बदलली होती. कोणी, ते अद्याप ठरलेले नाही.

फाँटचा घोळ निराळाच. कोमलासाठी आपण टंकतो ते लहान 'बी' अक्षर; त्याचे कोमलचिन्ह प्रणाली करते. आजचे बहुतेक संगीत-फाँट २०१३ साली पुढे आलेल्या स्मफल या प्रमाणानुसार बांधलेले असतात, आणि त्यांतील चिन्हे युनिकोडच्या खासगी वापरासाठी राखलेल्या क्षेत्रात बसवलेली असतात. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मजकूर नेला की चौकोन दिसतात. युनिकोडपूर्व मराठी फाइली ज्यांनी उघडल्या आहेत, त्यांना हे दुःख समजावून सांगायला नको.

हे सारे साधल्यावर आम्ही निश्चिंत झालो, आणि मग त्रिकोण आडवा आला.

वहीतला नुसता त्रिकोण सॉफ्टवेअरने 'मेजर सेव्हन' असा वाचला आणि आमच्या निवडलेल्या शैलीनुसार 'एमएजे सात' असा छापला. आम्हांला प्रथम काही वावगे वाटले नाही, कारण पुष्कळ जॅझवादक त्रिकोणाचा अर्थ तोच घेतात. पण काहींच्या लेखी तो नुसत्या मेजर त्रिस्वरीचा संकेत असतो. वहीकडे पुन्हा पाहिले. नऊ ठिकाणी त्रिकोण होता, त्यांपैकी चार ठिकाणी त्याच्यापुढे स्वच्छ सात लिहिलेला. उरलेल्या पाचांपैकी चार ठिकाणी आधीच्याच बारमध्ये त्याच स्वरावरची मायनर कॉर्ड होती, आणि त्रिकोणाच्या क्षणी चाल नेमकी मूळ स्वरावर थांबत होती. तिथे मेजर सेव्हन वाजवली, तर तिचा सातवा स्वर चालीच्या मूळ स्वराला अर्ध्या स्वराच्या अंतराने खुपतो. जाणता वादक ते सहसा टाळतो. म्हणजे या गृहस्थांचा त्रिकोण एवढेच सांगत होता, की 'मायनर संपली, आता मेजर'. सात हवा असेल तेव्हा ते सात लिहीत. संगणकाने मात्र कुणालाही न विचारता एक पाठ स्वीकारला होता, आणि छापील पानावर त्या निवडीची खूणही उरली नव्हती.

आमचा आक्षेप येथे आहे. चिन्हाचे रूप आणि अर्थ वेगळे साठवणे ही कल्पना मुळात उत्तमच. २००४ साली पहिली आवृत्ती निघालेल्या म्युझिक-एक्सएमएल या देवाणघेवाणीच्या स्वरूपात कॉर्डचा प्रकार एका जागी आणि तिचे दिसणारे लेखन त्याच्या शेजारी नोंदवता येते. पण घेणारी प्रणाली बहुधा प्रकार पाळते आणि लेखन आपल्या रिवाजाप्रमाणे बदलते. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनालेचा विकास थांबल्याचे जाहीर झाल्यापासून हजारो जुनी गाणी याच वाटेने इतर प्रणालींत जात आहेत. त्यांतले किती त्रिकोण वाटेत मुके झाले असतील, कोण जाणे!

यावर वादकांचे उत्तर आम्हांला ठाऊक आहे: रंगमंचावर अंधुक दिव्यात वाचणाऱ्याला कोडी नकोत, एकरूपता हवी. ते खरेच आहे. वाजवण्याची प्रत एकरूप असावी. परंतु जतनाची प्रत तीच असू नये. मराठीत आपण हा प्रमाद आधीच करून बसलो आहोत. १९६२ च्या लेखननियमांनंतर जुनी पुस्तके पुन्हा छापताना कितीकदा अनुस्वार निमूटपणे गाळले गेले. लेखकाच्या काळाचे लेखन पाहायचे तर विद्यार्थ्याला ग्रंथालयातली जीर्ण प्रत शोधावी लागते. संगीतात तर हानी याहून थेट होते. भातखंडे लिपीत कोमल स्वराची खूण म्हणजे अक्षराखालची आडवी रेघ. शब्दसंस्कारकात ही रेघ म्हणजे निव्वळ 'अधोरेखन', सजावट. तो मजकूर साधा करून दुसरीकडे चिकटवला की रेघ गळते आणि भैरवीचा कोमल रिषभ शुद्ध होऊन बसतो. कोणतीही सूचना झळकत नाही.

आम्ही अखेर दोन प्रती केल्या. एक वादकांसाठी, अक्षरी संक्षेपांत. दुसरीत त्रिकोण हे कॉर्डचे चिन्ह म्हणून न टंकता नुसता मजकूर म्हणून ठेवले, म्हणजे प्रणालीला त्याचा अर्थ लावता येणार नाही. या दुसऱ्या प्रतीबरोबर आमच्या शैलीची फाइल, फाँटचे नाव आणि चिन्हांचा तक्ता जोडला, शिवाय प्रत्येक पानाचे छायाचित्र. पाचवा त्रिकोण एका अपुऱ्या चालीच्या शेवटी आहे. आधी मायनर नाही, चालही मूळ स्वरावर थांबत नाही. तिथे दोन्ही अर्थ संभवतात. वादकांच्या प्रतीत त्या जागी आम्ही प्रश्नचिन्ह छापले आहे.