कॅमेरा घेऊन संग्रहालयात

संग्रहालय आणि बाग अशी सहल ठरली की कॅमेरा किंवा मोबाइल बरोबर असतोच. तो केव्हा काढावा आणि केव्हा पिशवीत ठेवावा हे ठाऊक असेल, तर सहलीची गोडी वाढते.

रविवारी सारे कुटुंब संग्रहालय पाहायला जाते. संध्याकाळी घरी आल्यावर छायाचित्रे पाहिली जातात. शंभर-दीडशे तरी निघतात. कुठे काचेवर फ्लॅशचा पांढरा ठिपका, कुठे तैलचित्रापुढे हसणारी मुले. पण त्या चित्रात काय होते, हे कुणालाच आठवत नाही. शिवाय ज्या वडिलांनी किंवा आईने दिवसभर छायाचित्रे काढली, ती व्यक्ती एकाही छायाचित्रात नसते.

हे टाळायचे तर जाण्यापूर्वी थोडा विचार हवा. बडोद्याच्या सयाजीबागेचेच उदाहरण घ्या. बाग आणि संग्रहालय एकाच आवारात आहेत आणि रेल्वे स्टेशनही जवळच आहे.

आधी बाग

महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत, १८७९ मध्ये, विश्वामित्री नदीकाठी ही बाग उभी राहिली. जुनी माणसे तिला कमाटीबाग म्हणतात. प्रवेशद्वाराजवळ महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. बडोदेकरांचा हाच तो ‘काळा घोडा’.

बागेत सकाळी लवकर जावे. तेव्हाचे ऊन तिरपे आणि सौम्य असते. दुपारचे ऊन डोक्यावरून पडते आणि डोळ्यांखाली काळ्या सावल्या दिसतात. उशीर झालाच, तर सर्वांना झाडाच्या दाट सावलीत उभे करावे. मुलांचे छायाचित्र उभ्याने न काढता त्यांच्या उंचीवर बसून काढावे. फुलांच्या घड्याळापुढे सर्वांना रांगेत उभे करण्यापेक्षा, त्याचे यंत्र कुठे दडले आहे हे वाकून शोधणारे मूल टिपावे. ते यंत्र जमिनीखाली आहे.

एक सावधगिरी मात्र हवीच. विश्वामित्रीत मगरी आहेत. छायाचित्रासाठी कुणीही नदीकाठी उतरू नये.

आत फ्लॅश नको

संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पूर्ण झाली. मेजर मँट आणि चिझम या वास्तुविशारदांनी तिचा आराखडा केला. ती पूर्ण टिपायची तर बरेच मागे जावे, नाहीतर माथा कापला जातो.

कॅमेऱ्याचे वेगळे तिकीट आहे का, कोणत्या दालनात मनाई आहे, हे तिकीटखिडकीवरच विचारून घ्यावे. परवानगी मिळाली तरी फ्लॅश बंद ठेवावा. प्रकाशाने रंग फिके पडतात आणि गेलेला रंग परत येत नाही. एका झोतात फारसे काही होत नाही, पण प्रकाशाचा परिणाम साचत जातो. म्हणूनच लघुचित्रे आणि जुनी वस्त्रे यांच्यावर सुमारे ५० लक्स एवढाच मंद प्रकाश ठेवण्याची पद्धत जगभर आहे. काचेतल्या वस्तूवर फ्लॅश मारला तर छायाचित्रही बिघडते. त्यापेक्षा मोबाइल काचेच्या अगदी जवळ, पण तिला न टेकवता, किंचित तिरपा धरावा.

प्रत्येक दालनात आधी पाहावे, मग टिपावे. मुलांना सांगावे, ‘तुम्हाला सर्वांत आवडलेली एकच वस्तू निवडा.’ मग ती निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी थबकतील किंवा इजिप्तच्या ममीपाशी. मोठ्यांनी अकोट्याच्या जैन धातुमूर्ती चुकवू नयेत. बडोद्याजवळच्या अकोटा येथे १९५१ मध्ये सापडलेल्या या मूर्तींतील काही पाचव्या-सहाव्या शतकातील मानल्या जातात.

शेजारच्या चित्रदालनाची हकिकत मुलांना जरूर सांगावी. ही इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण पहिले महायुद्ध पेटले आणि युरोपातून यायची चित्रे अडकली. दालन उघडायला १९२१ साल उजाडले. एवढे ऐकल्यावर मूल त्या चित्रांपुढे पाठ करून उभे राहणार नाही.

आजी आणि कॅमेरा

संग्रहालयात चालणे फार होते. बहुतेक वेळा आजी-आजोबांना बाहेर बाकावर बसवून बाकीचे आत जातात. मग छायाचित्रांत ते असतात, पण सहलीत नसतात. त्यापेक्षा दोनच दालने निवडावीत आणि ती सर्वांनी मिळून सावकाश पाहावीत.

निघण्यापूर्वी अर्धा तास कॅमेरा मुलांच्या हाती द्यावा. छायाचित्रे तिरकी येतील, कुणाचे डोके कापले जाईल. पण आजीच्या चपला, पाणी पिणारे बाबा, विस्कटलेल्या केसांची आई असे मोठ्यांच्या नजरेतून सुटलेले बरेच काही त्यांत येईल.

घरी आल्यावर त्यांतली पाचच छायाचित्रे निवडून छापून घ्यावीत. मागे तारीख आणि सर्वांची नावे लिहावीत. दिवसभर कॅमेरा धरणारा माणूस त्या पाचांपैकी एकात तरी आहे ना, एवढे मात्र पाहावे.