दोन्ही बाजू छापल्या, म्हणजे काम झाले?

वर्तमानपत्राचे वर्गणीदार, वाहिन्यांचे प्रेक्षक आणि वेळ मिळालाच तर संपादक यांच्यासाठी

एका परिच्छेदात 'अमुक म्हणाले', पुढच्यात 'तर तमुक म्हणाले', झाली बातमी निःपक्षपाती! आम्ही याला कामचुकारपणा म्हणतो.

जादूटोणाविरोधी कायद्याचेच घ्या. मसुदा वर्षानुवर्षे रखडला आणि मध्यंतरी आवई उठली: कायदा झाला की वारी बंद, सत्यनारायण बंद. डॉ. नरेंद्र दाभोलकर गावोगाव सांगत फिरले की असे काहीही नाही. वाहिन्यांवरच्या चर्चेचा साचा मात्र ठरलेला. एका चौकटीत समर्थक, दुसरीत विरोधक, अर्धा तास कलकलाट आणि शेवटी 'वेळ संपली, निर्णय प्रेक्षकांनी घ्यावा.' अहो, कशावरून घ्यावा? मसुदा छापलेला होता. त्याची पाने पडद्यावर दाखवली असती, तर निम्मी चर्चा तिथेच आटोपली असती.

20 ऑगस्ट 2013 ला सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. तो कुणीही उघडून पाहावा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता गंडेदोरे करणे, अशी कृत्ये त्यात नावानिशी सांगितली आहेत. यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असे वेगळे कलमही आहे. वारी निघतेच आहे. मधली दोन वर्षे पायी वारी थांबली, ती करोनामुळे.

मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. काही तासांत पापण्या मिटू लागतात, मग गिळता येत नाही, मग श्वास अडतो. अशा घराला 'डॉक्टर म्हणतात लस द्या, भगत म्हणतो झाडपाला बांधा' ही समतोल बातमी काय कामाची? इथे दुसरी बाजू नाहीच. ती मुद्दाम उभी करणारा बातमीदार भगताचे काम फुकटात करतो.

आता जिथे दुसरी बाजू खरोखर लागते, तिथे पाहा. रिफायनरी हवी की नको, जमीन कुणाची जाणार, रोजगार कुणाला मिळणार, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. एप्रिल 2023 मध्ये राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा बायाबापड्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या. त्यांच्या तोंडून दोन वाक्ये मिळवायची तर कातळावर उन्हात जावे लागते. प्रेसनोट मात्र जागेवर येते. समतोलाचा उमाळा अशा वेळी कुठे जातो? त्याच तालुक्यातले पत्रकार शशिकांत वारिसे रिफायनरीविरोधकांची बाजू लिहीत होते. 6 फेब्रुवारी 2023 ला एका गाडीने त्यांच्या दुचाकीला धडक दिली, दुसऱ्या दिवशी ते गेले. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला.

'खरे-खोटे ठरवणारे आम्ही कोण?' असा सवाल संपादक करतात. बातमीदार ठेवले आहेत ते कशासाठी मग? आगरकरांनी 'केसरी' सोडून 1888 मध्ये 'सुधारक' काढला. संमतिवयाच्या कायद्यावरून 1891 मध्ये दोन्ही पत्रे हमरीतुमरीवर आली, पण कोण कुठे उभा आहे हे वाचकाला ठाऊक होते. बाजू घेणारा संपादक आम्हाला चालतो. अग्रलेखात त्याने खुशाल घ्यावी, फक्त बातमीतली कागदपत्रे लपवू नयेत.

तेव्हा कायद्यावर वाद असेल तर वादग्रस्त कलम शब्दशः छापा. कुणी खोटे बोलल्याचे कागदावरून दिसत असेल, तर त्याच बातमीत तसे लिहा. 'आरोप केला' एवढ्यावर सुटका नाही. चर्चेला बोलावलेला 'तज्ज्ञ' कशातला तज्ज्ञ, पगार कुणाचा घेतो, हे पट्टीवर दाखवा. आणि ज्यांच्या जमिनीवर मोजणीची खुंटी ठोकली जाते, त्यांच्या दारात बातमीदार पाठवा, मोजणीदार येण्याआधी.

वाचकहो, यातले काही होत नसेल तर अंकावर खूण करून तो संपादकांच्या नावे परत पाठवा. हे पत्रक हवे तितके छापून घ्या, परवानगी लागत नाही.

काही जुने वर्गणीदार