शिटीनंतरचं पाऊल

डोंबिवली फास्टमध्ये आमच्या ग्रुपचे दोन वाद कधीच संपत नाहीत. एक चौथ्या सीटचा आणि दुसरा कबड्डीतल्या लॉबीचा. पहिला ठाण्याची गर्दी चढली की आपोआप मिटतो. दुसरा मात्र सॉलिड आहे, बॉस!

लॉबी म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांची एकेक मीटरची पट्टी, पंचांच्या भाषेत राखीव क्षेत्र. रेडर आणि बचावपटू यांची झटापट झाली की ही पट्टी खेळात येते. तोवर ती बाहेरच. म्हणजे कोणालाही न शिवता रेडरने तिथे पाय टाकला, तर तो बाद. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत.

भांडण पुढेच आहे. रेडर बाद झाला, पण त्याच्या मागे झेपावलेले तीन-चार बचावपटूही लॉबीत घुसले. त्यांचं काय? जुना नियम म्हणतो, तेही बाद. प्रो कबड्डीचा नवा नियम म्हणतो, रेडर बाद झाला त्या क्षणी चढाई संपली, पुढचं काही धरायचं नाही. एका नियमात बचाव करणाऱ्यांना सरळ एक पॉइंट. दुसऱ्यात चूक करणाऱ्या रेडरच्याच टीमला तीन-चार!

हा काथ्याकूट वाटत असेल, तर ७ ऑक्टोबर २०२३ आठवा. हांगझोऊ एशियन गेम्सची फायनल, भारत विरुद्ध इराण, स्कोअर २८-२८, हातात एक-दीड मिनिट. पवन सेहरावत 'डू ऑर डाय' रेडला गेला आणि कोणालाही न शिवता लॉबीत गेला. मागोमाग इराणचे बचावपटू. मग कुठला नियम लावायचा, यावर पंचांचे निर्णय बदलत राहिले, दोन्ही टीम्स मॅटवर ठिय्या मारून बसल्या आणि मॅच तासभर थांबली. शेवटी जुना नियम लागला. भारत ३३-२९ ने जिंकला. आपल्या महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदेही त्या गोल्डवाल्या टीममध्ये होते.

मॅच टायब्रेकरला गेली, तर हाच प्रश्न आणखी टोकदार होतो. तिथे दोन्हीकडून पाच-पाच चढाया. सातही खेळाडू मैदानात, कोणी बाहेर जात नाही, फक्त पॉइंट मोजायचे. तरीही बरोबरी राहिली, तर गोल्डन रेड. २०२५ च्या बाराव्या सीझनपासून प्रो कबड्डीने लीग मॅचेसनाही टायब्रेकर लावला. पाच चढायांच्या हिशेबात एका फटक्यात चार पॉइंट म्हणजे मॅच खिशात!

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉललाही (तो हेल्मेटवाला) हाच प्रश्न पडला. तिथे ओव्हरटाइममध्ये टीम्सना आळीपाळीने चेंडू मिळतो. समोरच्याने तो हिसकावला, की त्यानंतरच्या साध्या फाऊलची पेनल्टी सहसा धरत नाहीत. पण फाऊल करून स्कोअर केलात, तर तो रद्द. आणि कोणी गुंडगिरी केलीच, तर शिक्षा पुढच्या पाळीत वसूल. म्हणजे किरकोळ चूक माफ, पण संपलेल्या खेळाच्या आडून दादागिरी चालणार नाही.

मला हा हिशेब पटतो. वेगात झेपावलेला बचावपटू हवेत ब्रेक कसा लावणार? आपलं गोल्ड मला प्यारं आहेच, पण उद्या इराणच्या जागी आपण असलो, तर आपल्याला हे चालेल का? ऑफिसात साहेबांनी अप्रेझलच्या दिवशी निकष बदलले, तर आपण कँटीन डोक्यावर घेतोच ना!

नियम जुना असो वा नवा, तो टॉसच्या आधी सगळ्यांना माहीत हवा. तेव्हा मंडळी, कळव्यात किंवा कल्याणला मंडळाच्या मॅटवर ऑफिसची टीम उतरवणार असाल, तर टी-शर्टच्या रंगावर चर्चा करण्याआधी पंचांना एवढंच विचारा, "सर, लॉबीला नियम कुठला?"