भिंतीवरची वारली चित्रे आणि अंगणवाडीतले मूल

भिवंडी म्हटली की यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांपुढे येतात. परंतु शहराची वेस ओलांडताच वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे लागतात. आणि दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याकडील कातकरी कुटुंबे तालुक्यातील वीटभट्ट्यांवर येऊन उतरतात. अंगणवाड्यांच्या भिंतींवर हल्ली वारली चित्रे रंगविलेली दिसतात, स्नेहसंमेलनात तारपा नाचही होतो. आदिवासी संस्कृतीला बालशिक्षणात स्थान मिळाले असे म्हणण्यास एवढे पुरेसे आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही.

तीन वर्षांच्या कातकरी मुलाची संस्कृती म्हणजे त्याची बोली, रानातली फळे, ओढ्यातले खेकडे आणि आजीच्या गोष्टी. बाईंची प्रमाण मराठी त्याला उमगत नाही, म्हणून ते गप्प बसते. आणि त्या गप्प राहण्यालाच आपण मंदपणा समजतो. शाळेविषयीचा दुरावा येथूनच सुरू होतो.

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच परिसरात शोधले गेले होते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने-फुले वापरली. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. एकात्मिक बालविकास योजना देशात आली ती त्यानंतर, १९७५ साली.

पुढे १९९० च्या दशकात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरील मुलांसाठी तेथेच भोंगा शाळा चालविल्या. दोन्ही प्रयोगांचे सूत्र एकच : शाळेने मुलाच्या जगण्याशी जुळवून घ्यावे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे, तसेच आश्रमशाळांत टप्प्याटप्प्याने पूर्वप्राथमिक शिक्षण सुरू करावे, असे म्हटले आहे. धोरण स्वागतार्ह आहे. मात्र ज्या मुलाचे नाव मोखाड्याच्या अंगणवाडीत आणि जे स्वतः सहा महिने भिवंडीच्या भट्टीवर, त्याच्यापर्यंत ते पोहोचणार कसे? आई-वडिलांनी घेतलेली उचल फिटेपर्यंत ते मूल विटांच्या राशीतच वाढते.

आपल्या धर्मग्रामांतूनही बालवाड्या चालतात. तेथे इंग्रजी बडबडगीतांबरोबर पाड्यावरची गाणी का असू नयेत? पाड्यावरची एखादी आजी आठवड्यातून एकदा येऊन आपल्या बोलीत गोष्ट सांगू शकेल. बाईंनी त्या बोलीतले पन्नास शब्द शिकून घेणे अवघड नाही. दिवाळीनंतर आपल्या हद्दीतील भट्ट्यांवर किती लहान मुले आली याची मोजदाद करून ती जवळच्या अंगणवाडीस कळविणे, हे तर कोणताही युवक गट करू शकेल. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. वाचकांनी या दिवाळीपूर्वी आपापल्या धर्मग्रामात हा विषय चर्चेस घ्यावा, अशी आमची विनंती आहे.