सरावाच्या सीडीलाही शुद्धिपत्र हवे

ग्रंथाच्या शेवटी शुद्धिपत्र जोडण्याची मुद्रणपरंपरा वैद्यवर्गास नवी नाही. अमुक पृष्ठावरील अमुक ओळीत अमुक शब्द असा वाचावा, एवढी सूचना मिळताच आपण पेन्सिलीने ग्रंथ दुरुस्त करून घेतो आणि पुढे जातो. संगणकाच्या प्राथमिक पुस्तिका व त्यांच्यासोबतच्या सरावाच्या सीडी यांच्या बाबतीत मात्र ही शिस्त क्वचितच दिसते. वस्तुतः तिची गरज तेथे अधिक आहे. पुस्तकातील चूक डोळ्यांना दिसते; सरावातील चूक हाताला वळण लावते आणि लागलेले वळण मोडणे हे नव्याने शिकण्याहून कठीण असते.

महाराष्ट्रात २००२ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणकसाक्षरता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील अनेक वैद्यबंधू-भगिनींनी याच सुमारास कळफलकावर प्रथम हात ठेवला. त्या काळातील नाना प्रकाशनांच्या पुस्तिका कपाटात राहिल्या. सीडीतील फाइली पेनड्राइव्हवर उतरल्या आणि त्यांसोबत त्यांतील दोषही उतरले. आता तर संगणक हे केवळ हिशेबाचे साधन राहिलेले नाही. आयुष मंत्रालयाच्या ‘नमस्ते’ पोर्टलद्वारे २०१७ मध्ये आयुर्वेदीय व्याधींना संकेतांक मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मधील पारंपरिक वैद्यकाच्या दुसऱ्या विभागाचे नवी दिल्लीत प्रकाशन होऊन आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या व्याधिसंज्ञा त्यात आल्या. अशा वेळी पहिल्याच पाठातील दोष थेट रुग्णपत्रकात उतरू शकतो. तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले मात्रेचे. ‘एक्सेलच्या रकान्यात औषधाची मात्रा टंकावी’ एवढेच सांगून थांबणारा पाठ अपुरा नव्हे, सदोष आहे. सकाळ-दुपार-संध्याकाळ एकेक गोळी या अर्थी इंग्रजी आकड्यांत १-१-१ टंकले, की एक्सेल त्याची १ जानेवारी २००१ ही तारीख करते. अर्ध्या गोळीसाठी १/२ लिहिले, की तीही तारीख होते. मागाहून रकान्याचे स्वरूप ‘टेक्स्ट’ केले तरी मूळ मात्रा परत येत नाही. १-१-१ च्या जागी ३६८९२ हा आकडा उरतो, कारण एक्सेल तारखा दिवसांच्या मोजणीने साठवते. म्हणून आधी रकाना ‘टेक्स्ट’ करावा आणि नंतर मात्रा लिहावी, हा क्रम पुस्तिकेत स्पष्ट हवा. हा विषय क्षुल्लक नाही. काही जनुकांची नावे एक्सेलमध्ये अशाच तारखा होत असल्याने २०२० मध्ये त्या नावांचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती नावेच बदलली.

दुसरे लिपीचे. ‘र, हलंत, य’ असे टंकण्यास सर्वत्र शिकवले, तर कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या ‘खोऱ्यां’चे ‘खोर्यां’त रूपांतर होते आणि आपल्या भागातील दऱ्या ‘दर्या’ होऊन बसतात. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांतील भेद तर आपल्या मंडळींना सांगणे नलगे. युनिकोडमध्ये यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ते ‘र’च्याच कळीवर शिफ्टसह मिळते, त्यापुढे हलंत व य दिला की ‘ऱ्य’ उमटतो. शिकवण्यास एक मिनिट पुरते. न शिकवल्यास रुग्णाचे वा गावाचे नाव शोधताना नोंद सापडतच नाही.

तिसरे दिनांकाचे. सरावाच्या फाइलीत ०५/०६ असे लिहिले असेल, तर संगणकाच्या मांडणीनुसार तो ५ जून ठरेल किंवा ६ मे. गर्भिणीच्या शेवटच्या रजोदर्शनाचा दिनांक असा नोंदला गेल्यास प्रसूतीच्या अंदाजात तीस दिवसांचे अंतर पडते. सरावातील प्रत्येक दिनांकात महिना अक्षरांत लिहिणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

यावर काही ज्येष्ठ म्हणतील, की अशा बारीकसारीक गोष्टी जाणकाराच्या लक्षात येतातच. तेच तर दुखणे आहे. मुरलेल्या वैद्याला सूत्रातील गुंज आणि मासा यांची गल्लत तत्काळ कळते; नवशिष्य तीच मात्रा प्रमाण मानून चालतो. संगणकापुढे बसलेला साठीचा वैद्यही नवशिष्यच असतो. पाठाप्रमाणे करूनही फळ निराळे आले, की तो पुस्तकाला दोष देत नाही. ‘हे आपल्याला जमायचे नाही’ असे म्हणून यंत्र झाकून ठेवतो. एका मुद्रणदोषाने एक विद्यार्थी कायमचा गमावला जातो.

चूक वेळीच न सुधारल्यास काय होते, याचा दाखला एक्सेलमध्येच आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हते. परंतु लोटस १-२-३ या आधीच्या प्रणालीने ते तसे मानले होते. तिच्या फाइली जुळाव्यात म्हणून एक्सेलने तो दोष स्वीकारला आणि आज असंख्य फाइली त्यावर अवलंबून असल्याने तो तसाच आहे. अनेकांनी उतरवून घेतलेली चूक कालांतराने नियम होऊन बसते.

आपली परंपरा याहून वेगळी आहे. अग्निवेशतंत्राचा चरकाचार्यांनी प्रतिसंस्कार केला. पुढे दृढबलाने उणे राहिलेले अध्याय पूर्ण केले. संक्षिप्ताचा विस्तार, अतिविस्ताराचा संक्षेप आणि जुन्याला नवेपण देणे हे संस्कर्त्याचे कर्तव्य संहितेतच सांगितले आहे. शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तीही पाठभेद शिरले होते म्हणूनच. शुद्धीकरणाने मूळ ग्रंथाचा अधिक्षेप होत नाही, त्याचे आयुष्य वाढते.

म्हणून संघटनेपुढे चार सूचना नम्रपणे ठेवाव्याशा वाटतात. कोणतीही संगणकपुस्तिका सभासदांना देण्यापूर्वी संगणक न हाताळलेल्या एका व्यक्तीकडून तिचा प्रत्येक पाठ प्रत्यक्ष यंत्रावर करून घ्यावा आणि त्या वेळी जाणकाराने शेजारी मौन पाळावे. मुखपृष्ठावर आवृत्तीचा दिनांक व कोणत्या प्रणालीसाठी पाठ लिहिले आहेत ते छापावे. ऑफिस २००७ मध्ये मेनूंची मांडणीच बदलल्याने तत्पूर्वीच्या सूचना आज जागेवर लागत नाहीत. चूक आढळल्यास केवळ कागदी चिठ्ठी न चिकटवता सरावाची मूळ फाइल दुरुस्त करावी. मुद्रित सीडीत बदल करता येत नसल्याने जुन्या सीडी परत घेऊन नव्या द्याव्यात. आणि या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकात पृष्ठ, अशुद्ध, शुद्ध व कारण अशा चार रकान्यांचे शुद्धिपत्र प्रसिद्ध करावे.

यास फारसा खर्च नाही. एका संध्याकाळची बैठक आणि अर्धे पान एवढेच लागेल. औषधिद्रव्य शोधन केल्यावाचून आपण रुग्णास देत नाही. शिष्याच्या हाती द्यावयाच्या पाठालाही तोच न्याय लावावा.